दुरुस्ती की बदली? : प्रीमियर पद्मिनीचा कार्ब्युरेटर आणि टंचाईच्या काळातील तंत्रज्ञानाचा इतिहास (१९५४–२०२३)

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुतांशी कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबते. भांडवल कोणी उभारले, परवाना केव्हा मिळाला, परकीय कंपनीशी करार कोणत्या अटींवर झाला, पहिली गाडी कोणत्या वर्षी बाहेर पडली, यांच्या नोंदी उपलब्ध असतात. म्हणून त्यांविषयी लिहिलेही जाते. मात्र तीच गाडी फाटकाबाहेर पडल्यानंतर पुढील तीस-चाळीस वर्षे कशी चालली आणि ती चालती कोणी ठेवली, या प्रश्नाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात नेमकी हीच उणीव दाखविली. तंत्रज्ञानाचा इतिहास हा केवळ शोधांचा नसून वापराचा व देखभालीचाही असतो, ही त्यांची मांडणी भारतासारख्या देशाला अधिकच लागू पडते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका लहानशा यंत्रभागाचा विचार केला आहे. मुंबईच्या रस्त्यांवर अर्धशतकाहून अधिक काळ वावरलेल्या फियाट ११०० व तिचीच पुढील आवृत्ती असलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाडीचा कार्ब्युरेटर हा तो भाग होय. बिघडलेला कार्ब्युरेटर खोलून दुरुस्त करावा की काढून दुसरा बसवावा, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधील आहे. तथापि त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले, आणि ते का बदलले याचा शोध घेतला असता परवाना-पद्धती, इंधनाचे राजकारण, कामगारांचे आरोग्य व वारसा-जतनाची कल्पना हे सर्व विषय एकाच टेबलावर येतात.

यंत्राची पूर्वपीठिका

पेट्रोल हे द्रवरूपात जळत नाही. त्याचे सूक्ष्म तुषार हवेत मिसळावे लागतात. एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण मानले जाते. हे मिश्रण तयार करणे हे कार्ब्युरेटरचे काम. कार्ल बेंझच्या १८८५-८६ च्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळविली जाई. हवेच्या झोताने इंधन खेचून त्याचा फवारा करण्याची रीत १८९३ च्या सुमारास हंगेरीतील डोनात बांकी व यानोश चोंका यांनी आणि स्वतंत्रपणे जर्मनीतील विल्हेल्म मायबाख यांनी सिद्ध केली. यामागील तत्त्व मात्र त्याहून शंभर वर्षे जुने होते. नळी मध्यभागी अरुंद केली असता त्या ठिकाणी प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे इटलीच्या जोव्हानी बातिस्ता व्हेंच्युरी यांनी १७९७ मध्ये मांडले होते. त्यांचेच नाव आजही मिस्त्र्यांच्या तोंडी 'व्हेंचुरी' या रूपात आहे. ज्ञान कोठून कोठे प्रवास करते, याचे हे एक गमतीदार उदाहरण म्हणता येईल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या गुदार व मेनेसॉ यांची सोलेक्स आणि बोलोन्याच्या एदोआर्दो वेबर यांची वेबर ही नावे युरोपात रूढ झाली. भारतातील पद्मिनीवर प्रामुख्याने सोलेक्स जातीचा कार्ब्युरेटर आढळतो.

कुर्ला ते मद्रास

भारतात मोटार तयार व्हावी ही कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळातील. सर मो. विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटार कारखाना उभारण्याची योजना आखली. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. युद्धकाळात सरकारचा प्रतिसाद थंड होता. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, आणि कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जुळणी केलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. लवकरच इटलीच्या फियाटशी करार झाला.

१९५३ हे वर्ष या कथेत निर्णायक ठरते. जकात आयोगाच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण स्वीकारले, की केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्या कंपन्यांना स्थान नाही. ज्यांच्याकडे देशी उत्पादनाचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी त्यानंतर भारतातील जुळणी बंद केली. प्रीमियर राहिली. १९५४ मध्ये फियाट ११०० ही १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची गाडी बाजारात आली. पुढे एलिगंट, सुपर सिलेक्ट, डिलाइट अशी तिची रूपे व नावे बदलत गेली. १९७२ मध्ये ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इंजिन मात्र मूलतः तेच राहिले.

देशीकरणाच्या या कार्यक्रमाचा अर्थ असा, की कार्ब्युरेटरसारखा सूक्ष्म भागही भारतातच बनणे भाग होते. मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेड या कंपनीने हे काम केले. जस्ताच्या मिश्रधातूचे साचाकाम, पितळी जेटमधील अचूक भोके, पातळ पडदे यांचे उत्पादन करणे सोपे नव्हते. परंतु नव्या गाड्यांपुरते उत्पादन होणे आणि जुन्या गाड्यांसाठी सुटे भाग मुबलक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटारीचे वितरण आणि विक्रीच १९५९ च्या नियंत्रण आदेशाखाली होती, नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा काळात असलेली गाडी टिकविणे हाच शहाणपणा होता. मालकाला नवा कार्ब्युरेटर परवडत नसे, आणि परवडला तरी वेळेवर मिळेलच असे नसे. म्हणून तो खोलला जाई.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक वाटते. 'जुगाड' या एका शब्दात या सर्व व्यवहाराची बोळवण करण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. ती अन्यायकारक आहे. जुगाडात तात्पुरतेपणा गृहीत असतो. कार्ब्युरेटरच्या दुरुस्तीत मात्र मापे होती, क्रम होता आणि चूक झाल्यास ती दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या रूपाने परत दारात उभी राहत असे.

दुरुस्तीची रीत

ही रीत येथे काहीशी विस्ताराने देण्याचे कारण असे, की उत्पादकाच्या पुस्तिकेत जे लिहिलेले असते आणि गॅरेजमध्ये जे घडत असे, त्यांत मोठे अंतर होते. पुस्तिका बहुतेक ठिकाणी 'भाग बदलावा' असे सांगते. गॅरेजमध्ये बदलण्यासाठी भागच नसे.

तक्रार बहुधा तीनपैकी एक असे. गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. पेट्रोल फार खाते. किंवा पायाखालचा पेडल दाबताच इंजिन क्षणभर दम सोडते व मग उचलते. अनुभवी मिस्त्री कार्ब्युरेटरला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून पाही. प्लगच्या टोकावर काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. टोक पांढरे पडले असेल तर हवा जास्त. विटकरी-तपकिरी असेल तर दोष अन्यत्र शोधावा. प्रयोगशाळेतील धूर-विश्लेषक यंत्राविना केलेले हे निदान होते, आणि ते बहुधा बरोबर निघे.

कार्ब्युरेटर उतरवल्यावर प्रथम वरचे झाकण काढले जाई. आतील टाकीत पितळी तरंगता गोळा म्हणजे फ्लोट असतो. पेट्रोलची पातळी ठरावीक उंचीला आली की तो वर उचलला जाऊन सुईच्या झडपेने आवक बंद करतो. फ्लोट कानाशी धरून हलवल्यावर आत पेट्रोल खळखळले तर तो गळका. तो गरम पाण्यात बुडविला की ज्या जागी बुडबुडे येतात तेथे छिद्र. ते कथिलाने डागावे लागे. पण कथिल जास्त लागले तर फ्लोट जड होऊन पातळी चढते, म्हणून डाग घासून अगदी पातळ करीत. सुईची झडप झिजली असेल तर तिला पर्याय नव्हता. कार्ब्युरेटरच्या काही मोजक्याच भागांसाठी मिस्त्री नव्याचा आग्रह धरीत, त्यांत ही सुई होती.

त्यानंतर जेट. मुख्य जेट, स्लो चालीसाठीचा पायलट जेट, हवेचा जेट आणि पंपाचा जेट. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो आणि स्थूलमानाने तो भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. म्हणजे १२० आकड्याच्या जेटचे भोक सुमारे १.२० मिलिमीटर. ते १.२५ केले तर डोळ्याला काहीही फरक दिसत नाही, परंतु भोकाचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते. म्हणूनच जेटमध्ये तार घालू नये, हा शिकाऊ मुलाला मिळणारा पहिला धडा असे. जेट हवेनेच साफ करायचा.

प्रवेगक पंपाचा पडदा ताठर झाला की पेडल दाबताना इंजिन दम सोडते. तो बदलावा लागे. थंड इंजिन सुरू करण्यासाठी या सोलेक्समध्ये हवा अडविणारी झडप नसून निराळा स्टार्टर मार्ग आहे. चोकचा दांडा ओढला की एक चकती फिरून तो उघडतो. चकती नीट मिटत नसेल तर गाडी कायम अर्ध्या चोकवर चालते आणि मालक पेट्रोलच्या नावाने बोटे मोडतो.

खरा कस लागे तो थ्रॉटलच्या दांड्याशी. हा पोलादी दांडा जस्ताच्या मिश्रधातूच्या अंगातील भोकांत फिरतो. वर्षानुवर्षांच्या फिरण्याने धातू झिजतो, भोक लंबगोल होते आणि दांड्याच्या कडेने मोजणीबाहेरची हवा आत शिरू लागते. मग स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाची स्लो चाल स्थिर राहत नाही. पुस्तिकेच्या दृष्टीने असा कार्ब्युरेटर मृत होय. गॅरेजने मात्र त्यावर उपाय काढला. अंगातील भोके लेथवर मोठी करून त्यांत पितळी बुश ठोकायचे आणि ते रीमरने दांड्याच्या मापाला आणायचे. दोन्ही बुश एका सरळ रेषेत आले नाहीत तर फुलपाखरी झडप अडकते. चालत्या गाडीचा थ्रॉटल उघडाच राहिला तर काय होईल हे सांगावयास नको. त्यामुळे हे काम कोणत्या लेथवाल्याकडे द्यायचे हे मिस्त्र्याचे पक्के ठरलेले असे. फ्लँज जास्त आवळल्याने वाकली असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून तिचा चेहरा सपाट केला जाई. ज्या काळात अचूक सपाटीचे पोलादी टेबल लहान गॅरेजला अप्राप्य होते, त्या काळात खिडकीच्या काचेने त्याची जागा घेतली.

पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाऊसचा परिसर व कुर्ल्याचा सीएसटी रोड या सुट्या भागांच्या बाजारांचा उल्लेख या संदर्भात अपरिहार्य आहे. तेथे नवे किट मिळे, नकली किट मिळे आणि मोडीत निघालेल्या गाडीवरून उतरवलेला जुना कार्ब्युरेटरही मिळे. पॅकिंगचा कागद योग्य जाडीचा आहे की नाही हे बोटांनी ओळखणारे गिऱ्हाईक आणि ते ओळखणार नाही या आशेवर असणारा दुकानदार, यांच्यातील व्यवहार हाही तंत्रज्ञानाच्या प्रसाराचाच भाग होता.

'जेट बारीक करणे'

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल एकदम महागले. मालकाचा मिस्त्र्यास पहिला प्रश्न 'गाडी धावेल का' असा न राहता 'किती देईल' असा झाला. त्यातून जेट बारीक करण्याची प्रथा बळावली. जेटचे भोक कथिलाने बुजवून पुन्हा बारीक ड्रिलने पाडीत, अथवा कमी आकड्याचा जेट बसवीत. काही किलोमीटर खरोखर वाढत. परंतु मिश्रणात हवा जास्त झाली की इंजिन तापते आणि कालांतराने एक्झॉस्टच्या झडपा जळतात. पेट्रोलमध्ये वाचलेला पैसा हेड उतरवण्याच्या कामात जाई. हे मिस्त्र्याला माहीत नव्हते असे नव्हे. जाणते मिस्त्री तसे बजावीतही. तथापि भाड्याने टॅक्सी चालविणाऱ्याला पेट्रोल रोज स्वतःच्या खिशातून भरावे लागे, तर इंजिनाचा खर्च टॅक्सीमालकाचा असे. एका लहान पितळी भोकाच्या व्यासावर दोघांचे हितसंबंध असे परस्परविरुद्ध उभे होते. कामगार-इतिहासाच्या अभ्यासकांनी अद्याप या भोकातून डोकावून पाहिलेले नाही.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याचा प्रकारही याच अर्थकारणाचा भाग. अनुदानित रॉकेल स्वस्त होते, तोवर भेसळीला मोह होता. भेसळीच्या पेट्रोलने काजळी धरे, इंजिनात ठोके येत, आणि दोष बहुधा कार्ब्युरेटरच्या माथी मारला जाई.

तोंडाने फुंकलेले जेट

दुरुस्तीच्या कौशल्याचा गौरव करताना त्याची किंमत कोणी मोजली हे सांगणेही इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे. ज्या लहान गॅरेजमध्ये हवेचा कॉम्प्रेसर नसे, तेथे जेट तोंडाने फुंकून साफ होत. टाकीतील पेट्रोल नळीने तोंडानेच ओढले जाई आणि काम संपल्यावर हातही पेट्रोलनेच धुतले जात. त्या काळातील पेट्रोलमध्ये इंजिनाचे ठोके टाळण्यासाठी शिशाचे संयुग मिसळलेले असे. हे संयुग त्वचेतूनही शरीरात शिरते. चार महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि फेब्रुवारी २००० मध्ये ते देशभर लागू झाले. म्हणजे फियाट ११०० बाजारात आल्यापासून जवळपास सेहेचाळीस वर्षे हा कामगारवर्ग शिशाच्या संपर्कात होता. शिशाचा सर्वांत गंभीर परिणाम वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूवर होतो, आणि जेट फुंकण्याचे काम तर शिकाऊ मुलांकडेच असे.

ही मुले बहुधा दहा-बारा वर्षांची असताना उस्तादाकडे राहत. पान्हे ओळखणे, भाग धुणे, चहा आणणे यांतून त्यांची उमेदवारी सुरू होई. पगार नाममात्र, शिक्षण मात्र खरे, असे या पद्धतीचे दुहेरी स्वरूप होते. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्त कायद्याने जवळपास सर्वच क्षेत्रांत बंदी केली, आणि ते योग्यच झाले. परंतु औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमातून कार्ब्युरेटर मागे पडत असतानाच उस्ताद-शागीर्द परंपरेचा हा मार्गही बंद झाला. अन्यायकारक पद्धत मोडताना तिच्यात साठलेले ज्ञान कोठे ठेवावे, याचा विचार कोणत्याच संस्थेने केला नाही.

बदलीचा काळ

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली तेव्हा तिच्यावरही कार्ब्युरेटरच होता, मात्र जपानी मिकुनी धाटणीचा. खरा बदल उत्सर्जन-मानकांनी घडविला. २००० साली देशभर युरो-१ च्या तोडीची मानके लागू झाली आणि पुढील काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेली इंधन-इंजेक्शन प्रणाली अधिक स्वच्छ व अचूक आहे याबद्दल दुमत नाही. पण तिचा दोष संगणक सांगतो आणि उपाय म्हणजे भाग बदलणे. पद्मिनीचे उत्पादनही याच सुमारास थांबले.

टॅक्सींच्या बाबतीत आणखी एक वळण आले. या शतकाच्या प्रारंभी मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेतून निघालेल्या आदेशांमुळे जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळविल्या गेल्या. कार्ब्युरेटर गाडीवर राहिला, कारण पेट्रोल हे राखीव इंधन होते. पण आठवडेच्या आठवडे पेट्रोल न लागल्याने पडदे व पॅकिंग वाळून कडक होत. वापराने झिजणारे यंत्र आता न वापरल्याने बिघडू लागले.

अलीकडे भर पडली ती इथेनॉलची. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकास व साखर कारखान्यास त्याचा लाभ आहे. जुन्या कार्ब्युरेटरला मात्र ते मानवत नाही. इथेनॉल हवेतील आर्द्रता शोषते, जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरा क्षार चढतो, जुन्या प्रकारचे रबर फुगते. शिवाय इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने तेच जेट आता इंजिनाला कोरडे मिश्रण देतात. म्हणजे एकेकाळी बारीक केलेले जेट आता मोठे करण्याची वेळ आली आहे.

'मूळ' म्हणजे काय?

मोटारवारशाच्या जतनाविषयी आंतरराष्ट्रीय पातळीवर विचार झालेला आहे. १९६४ च्या व्हेनिस चार्टरने वास्तूंसाठी जी तत्त्वे मांडली, त्यांच्या धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन चार्टर स्वीकारला. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचा भाग असू शकतात, ही दृष्टी त्यात आहे. भारतात २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ स्वरूपात जपलेले व ज्यात मोठे फेरफार झालेले नाहीत असे वाहन त्यासाठी पात्र ठरते. व्यावसायिक वापराच्या वाहनास त्यात स्थान नाही.

येथे अडचण उभी राहते. पितळी बुश घातलेला, डागलेल्या फ्लोटचा, काचेवर घासून सपाट केलेला कार्ब्युरेटर मूळ म्हणावा की नाही? तो काढून परदेशातून मागविलेला नवाकोरा सोलेक्स अथवा वेबर बसविला तर गाडी अधिक चांगली चालेल आणि संग्राहकांच्या प्रदर्शनात उठूनही दिसेल. काही मालक तसे करतातही. मात्र भारतीय पद्मिनी अशा कार्ब्युरेटरवर कधीच चालली नव्हती. दुरुस्तीच्या खुणा पुसून मिळविलेले हे मूळपण या देशातील गाडीच्या प्रत्यक्ष आयुष्याशी विसंगत ठरते. संग्राहकांपुढील पर्याय म्हणूनच केवळ सोयीचा नाही. जुना भाग उतरवलाच तर तो मोडीत न घालता गाडीसोबत जपून ठेवणे आणि त्यावर झालेल्या कामाची लेखी नोंद करणे, एवढे तरी संग्राहकाला अवघड नसावे.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. मुंबईतील टॅक्सीची कमाल वयोमर्यादा वीस वर्षे. एके काळी साठ हजारांहून अधिक असलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये पद्मिनीचेच राज्य होते. ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून बाद झाली. ज्या गाड्या सर्वाधिक धावल्या, ज्यांचे कार्ब्युरेटर सर्वाधिक वेळा खोलले गेले आणि ज्यांच्यावर शिकाऊ मुले मिस्त्री झाली, त्यांना पन्नास वर्षे गाठण्याची मुभाच नव्हती. याउलट, १९७४ मध्ये नोंदलेली आणि बव्हंशी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली खासगी पद्मिनी २०२४ पासून व्हिंटेज नोंदणीस पात्र झाली. त्या नोंदणीच्या अर्जासोबत विम्याची कागदपत्रे, शुल्क, जुने नोंदणीपत्र, आणि वाहन आयात केलेले असल्यास आयातीची कागदपत्रे जोडावी लागतात. वाहनाच्या दुरुस्तीचा इतिहास अर्जात विचारलेला नाही.